जावक क्रमांक २२१४

"वर्षभरात कुणी उघडली नसेल, तर ती ईमेलची पेटी नव्या सर्व्हरवर घ्यायची नाही," सर्व्हरवाला म्हणाला. "धाकट्या साहेबांचा हुकूम आहे. डिस्क लहान घेतलीय त्यांनी."

जावकबाई दारातच उभ्या राहिल्या. झडपा बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत एकोणतीस वर्षं त्या आवक-जावक सांभाळत होत्या. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालायचा, म्हणून हे नाव.

कंपनीची ईमेल आजवर बाहेरच्या एका होस्टिंगवाल्याकडे असे. "आपली पत्रं आपल्या घरात हवीत," असं म्हणत धाकट्या साहेबांनी नकाशांच्या खोलीतलं तिरपं टेबल बाहेर काढून तिथे सर्व्हर बसवला होता. बाहेरचा करार शुक्रवारी पाच वाजता संपणार होता. त्यानंतर तिकडे जे उरेल ते पुसलं जाणार.

"पत्रं तर रोज येतात तिच्यात," बाई म्हणाल्या.

"येऊन काय उपयोग? कुणीतरी पासवर्ड घालून उघडायला हवी. नोंद बघून प्रोग्रॅमच ठरवतो, घ्यायची की टाकायची. माझ्या हातात काही नाही." त्यानं दुखरा गुडघा चोळला. "कुणाची पेटी?"

"आमच्या ह्यांची. याच खोलीत नकाशे काढायचे."

"निवृत्त झाले?"

"नऊ वर्षं झाली."

"मग एवढं तोंड का पाडता? त्यांना म्हणावं, एकदा उघडा. घरबसल्या होतं, कुठूनही."

"त्यांना नाही जमायचं."

"आमचे वडील तसेच. रिमोट दिसला की हात मागे घेतात."

बाई हसल्या. हसण्यावाचून करणार काय?

नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी हे धरणावर पोहायला गेले. काठावर चपला सापडल्या, घडी घातलेला सदरा सापडला, सदऱ्यावर घड्याळ. माणूस सापडला नाही. पाणबुड्यांनी चार दिवस शोधलं, मग हात टेकले. पुढे यथावकाश कागदपत्रंही झाली.

त्याआधी दोघं एकाच व्हरांड्याच्या दोन टोकांना बसत. कानामागे पेन्सिल खोचून हे कागदावर वाकले की त्यांना तहानभूक नसे. म्हणून बाई रोज एकच्या ठोक्याला मेल करायच्या, 'जेवायला चला.' त्या रविवारनंतर महिन्याभरानं बाई कामावर परतल्या, तेव्हा एक वाजता बोटांनी आपसूक तोच पत्ता लिहिला. उत्तर येणार नव्हतंच. पण पत्र परतही आलं नाही. ती पेटी बंद करायची कुणाला आठवणच झाली नव्हती.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत रोज एक पत्र. सवयीनं प्रत्येकावर जावक क्रमांक. लेकीचं लग्न, नातवाचा पहिला दात, स्वतःचा रक्तदाब, सगळं त्यात. एकदा लिहिलं, तुमची सायकल शनिवारी भंगारात देतेय. शुक्रवारीच ती मागच्या खोलीतून चोरीला गेली. पोत्यांमागे खिळ्याला टांगलेला पंपसुद्धा गेला. 'चोर मोठा चौकस होता हो,' असं लिहून बाई एकट्याच हसल्या होत्या.

बाईंची स्वतःची पेटी लहान. पाठवलेलं पत्र तिथे महिनाभर राही, मग आपोआप पुसलं जाई. म्हणजे ती नऊ वर्षं फक्त ह्यांच्या पेटीत होती. बुधवारी त्यांनी पासवर्ड घालून पाहिले. लेकीचा वाढदिवस, लग्नाची तारीख, सायकलीचा नंबर. एकही लागला नाही.

मग त्या धाकट्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. या साहेबांना त्यांनी अर्ध्या चड्डीत व्हरांड्यातून धावताना पाहिलं होतं.

"बाई, तुमच्यासाठी नियम मोडला की उद्या सगळे रांग लावतील."

"वाचायला नकोय मला. नुसती राहू दे."

"काकांना जाऊन नऊ वर्षं झाली," साहेब हळू आवाजात म्हणाले. "किती दिवस धरून ठेवणार?" आणि फोनकडे पाहू लागले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, मनातलं लिहून मोकळी झालीस ना? मग पेटी राहिली काय, गेली काय."

"तुला नाही कळायचं."

"मग सांग ना कळेल असं."

"कुकर लावायचाय," म्हणत बाईंनी फोन ठेवला.

गुरुवारी एक वाजता त्यांनी लिहिलं, 'जावक क्रमांक २२१४. अहो, उद्यापासून ही पेटी नसेल. साहेबांना सांगून पाहिलं, त्या माणसाला सांगून पाहिलं. माझं काही चाललं नाही. तुमचं टेबल जिन्याखाली ठेवलंय. एवढी वर्षं ऐकून घेतलंत, तेच पुष्कळ झालं.' पाठवायचं बटण दाबायला त्यांना बराच वेळ लागला.

शुक्रवारी पाचला फळ्यावर यादी लागली. टाकून दिलेल्या पेट्या अकरा. बाईंनी बोट ठेवून ती वरून खाली वाचली, मग खालून वर. ह्यांचं नाव त्यात नव्हतं.

त्या तशाच नकाशांच्या खोलीकडे निघाल्या. सर्व्हरवाला वायरींची वेटोळी पिशवीत भरत होता.

"तुमचे उपकार कसे फेडू?" त्या म्हणाल्या. "साहेबांच्या नकळत ठेवलीत ना पेटी?"

"छे हो, मी बोटही लावलं नाही. नियमातच बसली ती." त्यानं पिशवीची चेन ओढली. "तुम्ही उगाच म्हणालात, त्यांना जमायचं नाही. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी उघडतात की ते. आजही उघडली. बावीसशे चौदाच्या बावीसशे चौदा वाचलेली आहेत."