अकराची पोस्ट

"टोकन चौदा, आत या."

मनीषानं दचकून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आत्ताशी दहा पस्तीस झाले होते. साडेअकराशिवाय नंबर लागायचा नाही, असं वकिलानं छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि आज नेमका तो लवकर लागावा!

तिचा बेत अगदी पक्का होता. नाशकात द्वारका चौकाजवळच्या घराच्या गच्चीवर ती भाजीपाला लावायची आणि त्यावर ब्लॉग लिहायची. लेकीनं, निकितानं, असं काही जोडून दिलं होतं की इकडे ब्लॉगवर लेख पडला की तिकडे फेसबुकवर, इन्स्टावर आपोआप जायचा. माहेरची झाडून सगळी भावकी तिथं होती. मेथीत कुणाला काडीचा रस नव्हता, पण अंगठे मात्र न चुकता यायचे. काल संध्याकाळी तिनं मेथी बाजूला ठेवली आणि लिहिलं, 'वडिलांच्या जमिनीवरचा माझा हक्क मी सोडत नाही.' त्याला आज सकाळी अकराची वेळ लावली. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, सरळ गोष्ट. आपण सिन्नरला जायचं, नोंदणी कचेरीतल्या बाकावर गुपचूप बसायचं. अकराला भावाच्या खिशात फोन वाजेल, तो वाचेल, मग व्हायचं ते होईल.

"चल ताई," संतोष उठला. तिचा धाकटा भाऊ. सकाळी स्टँडवर घ्यायला आला होता, वाटेत हट्टानं चहा पाजला होता. मेला वाईट तरी असता, तर किती सोपं झालं असतं!

"अकरापर्यंत थांबू या का रे?"

"नंबर गेला म्हंजे पार दुपार होईल गं. दोन मिनिटाचं काम हाय. सही, अंगठा, फोटो, झालं. घरी पुरण घातलंय, तुझी भावजय वाट बघतीय."

हक्कसोडीवर सही न करणाऱ्या बहिणीचं काय होतं, ते मनीषानं डोळ्यांनी पाहिलं होतं. बायडाआत्यानं सही नाकारली, त्यानंतर तिला ना दिवाळीचं बोलावणं आलं, ना कुणाच्या लग्नाची पत्रिका. ती गेली तेव्हा अंगावर घालायला माहेरची साडी घेऊन कुणी फिरकलं नाही. शेवटी सासरच्यांनीच कोपऱ्यावरच्या दुकानातून एक आणून घातली. ते आठवलं की मनीषाला आजही रडू कोसळायचं. आपलंही तसंच होणार, या भीतीतच ती उठली आणि भावामागून आत गेली.

आत साहेबांनी कागदावरून नजर न काढताच विचारलं, "हक्कसोड ना? स्वखुशीनं सोडताय? कुणाचा दबाव नाही ना?" हे प्रश्न ते दिवसातून कितीदा विचारत असतील कोण जाणे. उत्तराची वाट बघायची त्यांना सवयच राहिली नव्हती.

घड्याळात दहा अडतीस. पर्समधला फोन ढिम्म. मनीषाला स्वतःचाच असा राग आला की कानशिलं तापली. मेथीच्या एका जुडीवर दोन-दोन पानं लिहिणारी बाई मी, आणि आज तोंडातून एक शब्द फुटू नये? त्या वावरात आईच्या बरोबरीनं खुरपं धरलं होतं, ते काय दुसऱ्या कुणी?

"नाही," ती म्हणाली.

"दबाव नाही. बरं. इथे सही करा."

"साहेब, तसं नाही. मी हक्क सोडत नाही. सही करणार नाही."

आवाज इतका मोठा निघाला की बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेला. साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, संतोषकडे पाहिलं आणि कागद परत केले.

व्हरांड्यात येताच संतोषनं तिला बाजूला घेतलं. मग म्हणाला, "ताई, आधी सांगायचंस ना गं. चार लोकांत असं..."

"तोंडच होत नव्हतं रे. लिहून ठेवलंय. अकराला फेसबुकवर येईल. सगळ्यांना दिसेल."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "सगळ्यांना? अगं, लोकं शेण घालतील माझ्या तोंडात! बहिणीला लुबाडत होता म्हंतील. जमिनीचं आपण बघू, वाटलं तर भांडू. पण घरातलं घरात राहू दे. तेवढं काढ, ताई. पाया पडतो."

त्याचं मागणं काही वावगं नव्हतं. बोलायचं ते बोलून झालं होतं, आता पोस्टचं कामच काय उरलं? आणि भाऊ तो भाऊच. दहा सत्तेचाळीस झाले होते. मनीषानं फोन काढला, ब्लॉग उघडला आणि 'रद्द करा'वर बोट नेलं.

तेवढ्यात तिच्या कोपराला कुणीतरी हात लावला. सकाळपासून तिच्या शेजारी बसलेली म्हातारी होती, रंगूबाई. चांदवडकडे दिलेली, माहेर इथलंच. तीही भावाबरोबर ह्याच कामाला आली होती आणि तिचं टोकन होतं सोळा. भाऊ झेरॉक्स काढायला गेला होता. तो येत नाही ना, हे दाराकडं बघून तिनं खात्री केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"बाई, आपल्याला असं नाय म्हनता येतं व्हय?"

मनीषाचं बोट जागच्या जागी थांबलं.

"येतं मावशी," ती म्हणाली. मग फोन तसाच पर्समध्ये टाकला आणि भावाकडे वळली. "संतोष, जाऊ दे ती पोस्ट अकराला."