अप्पांचे कावळे

कावळे चिंचेवर बसून पिंडाकडे बघत होते. खाली मात्र एकही येत नव्हता.

तिरुवैयारुला कावेरीच्या कोरड्या वाळूत सेतुमाधवरावांचा दहावा चालला होता. कावळा शिवल्याशिवाय कोणाला उठता येईना, आणि शास्त्रीबुवांना पुढे पापनाशमला आणखी एक दहावा गाठायचा होता.

“अण्णा, वहिनींना काही कमी पडू देणार नाही!” वेंकटरावकाका झाडाकडे बघून ओरडले.

“हे ऐकून तर मुळीच यायचे नाहीत,” राजम म्हणाली.

नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती. टोमणे चालू होते. रोज सकाळी ती अजून त्याचीही कॉफी गाळायची. त्याचं खेळण्यातलं विमान तिने गाडीच्या डिकीतून काढू दिलं नव्हतं. “ते येऊन काढतील,” म्हणाली होती. तेव्हापासून मुलगी कृष्णवेणी तिला एकटं सोडायला घाबरत होती.

कावळे का येत नाहीत, हे कृष्णवेणीला ठाऊक होतं. रिटायर झाल्यावर अप्पांनी रिमोटवर उडणारं थर्माकोलचं विमान घेतलं आणि व्हिडिओ बघून याच वाळूत स्वतःच शिकायला लागले. उडवणं जमलं. उतरवणं शेवटपर्यंत जमलं नाही. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. अप्पा गोंधळायचे आणि विमान थेट चिंचेत, घरट्यांत घुसायचं. दर वेळी कुठेतरी मोडायचं आणि अप्पा ते पुन्हा चिकटवायचे. पुढे पुढे तर विमान दिसताच सगळे कावळे त्याच्या मागे लागायचे.

“अम्मा, ते अप्पांना ओळखतात. म्हणून येत नाहीत.”

“मीही ओळखत होते. राहिलेच की नाही?”

कृष्णवेणी उठली आणि डिकीतून विमान घेऊन आली.

“अय्यो, दहाव्याला खेळणं?” काका म्हणाले. “शास्त्रीबुवा, हे चालतं का?”

“कावळा येणार असेल तर चालतं,” शास्त्रीबुवा घड्याळ बघत म्हणाले.

चेन्नईत ती लॅपटॉपवरच्या खोट्या विमानावर कित्येक संध्याकाळी शिकली होती. दिवाळीला येऊन अप्पांना उतरवायला शिकवायचं होतं. खरं विमान तिने आजवर उडवलं नव्हतं.

विमान वर गेलं. अख्खी चिंच काव काव करत त्याच्या मागे उठली. काका उपरणं डोक्यावर घेऊन खाली बसले. कृष्णवेणीने लांबून वळण घेतलं. विमान तिच्या दिशेने येऊ लागलं. डावं ते उजवं, तिने मनात म्हटलं. मोटर बंद केली, वाळू जवळ येताच नाक जरासं उचललं. चाकं टेकली. विमान थोडं धावलं आणि पिंडाच्या अलीकडे थांबलं.

पाठलाग करत कावळेही उतरले. एकाने विमानावर चोच उगारली, बाजूला भात दिसला, आणि त्याने विचार बदलला.

“शिवला!” काका ओरडले. शास्त्रीबुवा उरलेले मंत्र भराभर म्हणू लागले.

राजमने तिकडे पाहिलंच नाही. ती विमानापाशी जाऊन बसली. पंख चाचपले, शेपटी चाचपली, चाकं फिरवून बघितली.

“मोडलं नाही ग हे.”

“नाही अम्मा.”

“कुठेच नाही?”

“कुठेच नाही.”

राजमचे ओठ थरथरायला लागले.

“म्हणजे ते खरंच गेले,” ती म्हणाली.