आमच्यात उघडत नाहीत

“काका, इंजिन ठणठणीत आहे, मग नुसती स्क्रीन गेली म्हणून गाडी मोडीत का काढायची?” वर्कशॉपमध्ये पाऊल टाकताच शाळकरी मुलीने विचारलं, आणि ‘ही प्रश्न विचारल्याशिवाय राहायची नाही’ ही मैत्रिणींची पैज खरी ठरली. आईबाबा मात्र ओशाळले.

“अगं, एसी, मागचा कॅमेरा, सगळं त्या स्क्रीनवरच चालतं,” हेडमिस्त्री म्हणाले. “आणि तसली स्क्रीन आता बनतच नाही.”

“आतून बघितलीत?”

“आमच्यात उघडत नाहीत, बदलतात.”

“मग मी उघडू? नाहीतरी मेलीच आहे की!”

मिस्त्रींनी हसत हसत स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. भिंगातून बघता बघता तिला तडकलेला एक जोड सापडला, जेमतेम केसाएवढा. तिने बोट दाखवलं, मिस्त्रींनी सोल्डर केलं, आणि सहा महिने ठार काळी पडलेली स्क्रीन लख्ख उजळली! बाबांनी नव्या गाडीचं माहितीपत्रक गुपचूप घडी करून खिशात घातलं.

मिस्त्रींचं हसू मात्र मावळलं. त्यांनी मागचं कपाट उघडलं. आत काढून ठेवलेल्या स्क्रीनची छतापर्यंत चळत होती.

“या सगळ्या मेल्यात, असं मीच लोकांना सांगितलं गं,” ते पुटपुटले.

तिने बाह्या सरसावल्या. “आई, बाबा, तुम्ही गाडी घेऊन व्हा पुढे. माझी अख्खी सुट्टी आता इथेच!”