आभाळातून पडलेला तारा

धानोऱ्याच्या शाळेत पालकसभा आटोपली आणि मॅडमनी भिंतीवर समुद्राची एक जुनाट फिल्म लावली. चित्रात रेघाच रेघा, सांगणाऱ्याचा आवाज नाकातला. समुद्रकाकडी नावाचा लोळणारा जीव बघून सगळ्यांत मोठ्यानं हसला तो दुकानदार उखाभाऊ. पण मग पाच हातांचा एक प्राणी वाळूवरून सरकायला लागला आणि उखाभाऊ हसायचा थांबला. अस्साच एक वाळलेला नग त्यानं बाजारात धनुबाईला ‘आभाळातून पडलेला तारा’ म्हणून खपवला होता. बदल्यात, ‘रोज अंडं देते’ असं सांगून तिनं दिलेली कोंबडी घेतली होती. महिना झाला, कोंबडीनं एकही अंडं दिलं नव्हतं. नव्या घरी बुजली असेल, म्हणून तो तिला बाजरी चारत होता.

आता त्याला सगळ्यांचाच संशय यायला लागला. मॅडमनी नेमकी हीच फिल्म का काढली? मागचे दोघं काय कुजबुजतायत? आणि दाराशी बसलेली धनुबाई भिंतीकडं बघायचं सोडून आपल्याकडंच का बघतेय? हिनं भर सभेत तोंड उघडलं, की उद्यापासून आपल्या दुकानापुढं माशीही फिरकायची नाही.

चपला हातात घेऊन, वाकून वाकून तो दारापर्यंत पोचला.

“कोठे चालना, उखाभाऊ?” धनुबाईनं हळूच विचारलं.

“पोट दुखी ऱ्हायनं, वहिनी.”

“बठ ना भाऊ,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “उद्या कोंबडीनी फिलिम लागनी, ते माले बी उठनं पडी.”