खुसपटरावांची तक्रार

सातव्या दिवशी सकाळी तिने तक्रारींचं पान पुन्हा उघडलं. तक्रार नव्हती. संध्याकाळी सहापर्यंत आली नाही, तर किट वाचणार होतं.

किट म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी तयार सुट्या भागांचा संच. पडद्यावरच्या खिडक्या, बटणं, आकडे दाखवणाऱ्या चौकटी. लोकांनी ते भाग घ्यायचे आणि त्यातून आपापल्या कामाचा प्रोग्रॅम जुळवायचा. नऊ वर्षं ती एकटीच हे किट सांभाळत होती. त्यात तिचा जीव होता.

आणि हात धुऊन तिच्या मागे लागला होता एकच माणूस. तक्रारीखाली तो नाव म्हणून ‘एक वापरणारा’ एवढंच लिहायचा. तिने त्याला खुसपटराव करून टाकलं होतं. नवी आवृत्ती बाहेर पडली, की आठवड्याच्या आत खुसपट हजर. सहा वर्षांत एकदाही चुकलं नाही. बरं, खुसपटं तरी कसली! ‘खिडकी पाच दिवस उघडी ठेवली, तर आकडे अडखळतात.’ ‘मध्यरात्री तारीख बदलते, तेव्हा चौकट क्षणभर कोरी होते.’ पाच दिवस खिडकी उघडी कोण ठेवतं? माणसं कॉम्प्युटर बंद करून घरी जातात.

"या माणसाला घरदार आहे की नाही?" ती जेवताना करवादायची.

"माझ्यापेक्षा त्याचंच नाव जास्त घेतेस तू," नवरा म्हणायचा.

पण तक्रारींचं पान सगळ्यांना दिसायचं. नवे ग्राहक ते वाचून दारातूनच परत जात. शेवटी साहेबांनी तिला बोलावलं. "आता येणारी आवृत्ती ही शेवटची संधी. बाहेर पडल्यावर सात दिवसांत या गृहस्थाची एक जरी तक्रार आली, तरी किट बंद. तुम्हाला दुसरं काम देतो."

ती जागेवर येऊन बसली. रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. या आवृत्तीत खुसपटरावांना बोट ठेवायला जागा मिळता कामा नये, असं तिने ठरवलं. तिने त्यांच्या सगळ्या तक्रारी छापून घेतल्या आणि पहिल्यांदाच एका बैठकीत सलग वाचल्या. वाचता वाचता तिची तीच ओशाळली. आपण प्रोग्रॅम लिहितो, सुरू करून बघतो, चालला की खूश होऊन बंद करतो. तो चालत राहतो का, हे बघायला आपल्यापैकी कोणीच थांबत नाही. हा माणूस थांबत होता.

तिने कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर मांडला. दुसऱ्या यंत्राकडून तारेने त्याच्याकडे दर सेकंदाला आकडे येतील, अशी सोय केली. वर कागद चिकटवला, ‘हात लावू नका’. तीस दिवस सलग चालवायचं, एक दिवसही कमी नाही.

बाविसाव्या दिवशी ती दहाला आली, तर तार खाली लोंबत होती. झाडताना मावशींच्या हातून टेबल सरकलं होतं.

"सकाळी सातलाच निघाली बघ तार," मावशी घाबरून म्हणाल्या. "पण काही बिघडलं नाही गं. आकडा दिसतोय की!"

"तेच तर बिघडलंय, मावशी!"

तीन तास एकही नवा आकडा आलेला नव्हता, आणि चौकट सकाळी सात वाजताचा आकडा साळसूदपणे आत्ताचा म्हणून दाखवत होती. इतकी वर्षं दाखवत आली असणार. हे तर खुसपटरावांच्याही अजून नजरेला आलेलं नव्हतं. तिला वाटलं, झाकून टाकावं. आठ दिवसच तर उरले होते. पण मन मानेना. तिने चौकट नव्याने लिहिली. माहिती थांबली, की जुना आकडा तिथल्या तिथे पुसला जाईल आणि लाल अक्षरांत ‘नवी माहिती येत नाही’ असं उमटेल. मग तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. साहेब चिडले, महिना वाया गेला म्हणाले. तिने ऐकून घेतलं आणि मोजत राहिली. आता मावशी त्या कोपऱ्यात साहेबांनाही फिरकू देत नव्हत्या.

तीस दिवस भरले, आवृत्ती बाहेर पडली, आणि आज तिचा सातवा दिवस. दुपारी चारला टेबलावरचा फोन वाजला.

"नव्या आवृत्तीबद्दल बोलायचं होतं," एक वयस्कर आवाज म्हणाला. "तक्रारी लिहितो ना, तो मी. एक वापरणारा."

तिने घड्याळाकडे पाहिलं. दोन तास राहिले होते फक्त.

"बोला," ती म्हणाली. "काय सापडलं?"

"काही नाही सापडलं. सगळे दिवस अन् सगळ्या रात्री घातल्या. तारासुद्धा उपटून बघितल्या. म्हटलं, हे लिहून कळवण्यापेक्षा सांगावं."

तिला खुर्चीत नीट बसावं लागलं. सहा वर्षांचा राग कुठे गेला, तिलाच कळेना. ती हसलीच. "म्हणजे तुमचा प्रोग्रॅम आता धड चालतोय तर! इतकी वर्षं कसा चालवलात हो तो?"

"चालवला कुठे, मॅडम? नुसता तपासत होतो. मी दवाखान्यातली यंत्रं बघतो. कमी दिवसांची बाळं काचेच्या पेटीत ठेवतात ना, त्यांच्या अंगातला ताप, गारवा नर्सच्या टेबलावर दिसावा, म्हणून लिहिलाय तो. आज सकाळी पहिल्यांदा जोडला. अकरा बाळं आहेत."