एका दमात

उद्या अंतिम सामना, मैदानात शिट्टी आपलीच, आणि नेमकं आज छातीत पाणी! पंचांना दम निघेना. "एका दमात सगळं काढून टाका, डॉक्टर!"

"तसं केलं तर दबलेलं फुप्फुस झटकन फुलतं आणि स्वतःच पाणी धरून बसतं," त्यांच्या पाठीत सुई लावून बसलेले डॉक्टर म्हणाले. "खोकला आला की लगेच सांगा. मी थांबेन."

बाटली भराभर भरू लागली. पंच खुशीत. समोर त्यांचे हात धरून बसलेली बायको गप्पा मारत होती.

"काही म्हणा, तुमची ताई महाचिकट!"

पंच गप्प.

"शिवाय भांडखोर!"

पंच गप्पच. चेहरा मात्र लालबुंद.

"डॉक्टर, थांबा! बहिणीबद्दल एवढं ऐकून घेतायत म्हणजे हे नक्की खोकला दाबून बसलेत!"

सुई निघाली आणि कोंडलेला खोकला असा उसळला, की नर्स ऑक्सिजनचा मास्क घेऊन धावली. बऱ्याच वेळाने श्वास ताळ्यावर आला.

"वेळेवर ओरडलात," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात पंचांनी मास्क बाजूला सारला. "भांडखोर ताई नाही, तुझा भाऊ!"

बायकोने डोळे पुसले. "वाचले हो, डॉक्टर!"