मुंग्यांची साखर

सीताफळाच्या बुंध्याशी मुंग्यांना साखर घातल्याशिवाय इंदिरानगरच्या कमलताई सकाळचा चहा घेत नसत. तरी अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या फळाफळावर पिठ्या ढेकणांची पांढरी पुटं चढली. भिंतीपलीकडे विमलबाईंचं सीताफळ मात्र स्वच्छ आणि लगडलेलं.

"त्या घरात मुंगीलासुद्धा दाणा मिळत नाही," कमलताई नाक मुरडून म्हणाल्या, "आणि देव फळं देतो ती तिलाच. इथे तंबाखूचं पाणी मारून माझे हात गेले."

द्राक्षबाग असलेला त्यांचा भाचा शेखर खोडावरची मुंग्यांची रांग बघून हसला. "मावशी, हे ढेकूण रस पितात आणि गोड चिकटा सोडतात. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्यांना जपतात, उचलून वर नेतात. आणि मुंग्यांना आवतण तुझंच. आधी हे पुण्य बंद कर."

"सासूबाईंपासूनचा नेम आहे रे. मोडू कसा?"

दुसऱ्या दिवशी कमलताईंनी मुंग्या वर चढू नयेत म्हणून खोडाला ग्रीसचा पट्टा मारला. नेमही मोडला नाही.

साखरेची वाटी घेऊन त्या भिंतीपाशी गेल्या आणि हात लांबवून विमलबाईंच्या सीताफळाच्या बुंध्याशी मूठभर साखर टाकून आल्या.